लहान राज्याचे पुण्य

संगणकावरील खेळाविषयी या पानांवर लिहावे की लिहू नये, या संकोचात आमचे काही दिवस गेले. धर्मग्रामातील कुटुंबे ज्या अंकाची वाट पाहतात त्यात संतचरित्र असावे, कथा असावी, कविता असावी. एका प्रौढ मनुष्याने भाच्याच्या संगणकापुढे बसून एक खोटे राज्य कसे चालविले याची हकीकत तेथे कोणास हवी? तथापि संत थॉमस अक्विनस यांच्यासारख्या धर्मपंडितानेही आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या महाग्रंथात खेळाचा विचार वर्ज्य मानलेला नाही. शरीराला जशी विश्रांती लागते तशी मनालाही लागते, ती खेळाने मिळते. आणि खेळात मर्यादा सोडणे जसे दोषास्पद, तसेच स्वतः कधी न रमणे व दुसऱ्याचा विरस करणे हेही दोषास्पदच, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. आविलाच्या संत तेरेसा यांनी तर आपल्या मठभगिनींना प्रार्थनाजीवन समजावून सांगताना बुद्धिबळाच्या पटाचा दृष्टान्त घेतला होता. पटावरून अंतर्मनाकडे जाण्याची वाट ख्रिस्तसभेला अपरिचित नाही, एवढा आधार आम्हास पुरे वाटला.

आम्ही ज्या खेळाविषयी बोलत आहोत त्याचे नाव 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर आणि ब्रूस शेली या दोन अमेरिकी रचनाकारांनी तो 1991 साली प्रथम सिद्ध केला. त्यानंतर त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. सातवी 2025 साली आली. आमच्या भाच्याकडे आहे ती पाचवी, 2010 सालची, तिला 2012 व 2013 साली जोडलेल्या पुरवण्यांसह. ज्या खेळांत बोटांची चपळाई लागते आणि समोर कोणीतरी सतत गोळ्या झाडीत असतो, त्यांपैकी हा नव्हे. हा आळीपाळीने खेळावयाचा खेळ आहे. आपली फेरी आली की कितीही वेळ विचार करावा, चहा घ्यावा, दारावर कोणी आले तर उठून जावे. आपण फेरी संपविल्याखेरीज जग पुढे सरकत नाही. आमच्या वयाच्या माणसाला हे सोयीचे पडते.

खेळाचा आरंभ ख्रिस्तपूर्व 4000 या वर्षी होतो. षट्कोनी घरांनी विणलेल्या नकाशावर वसाहतकारांची एक तुकडी आणि एक योद्धा, एवढेच आपल्या हाती असते. बाकी सर्व नकाशा ढगांनी झाकलेला. पहिले नगर वसवावे, नांगर, अक्षर, चाक शोधावे, आणि शतके ओलांडीत थेट अंतराळयानापर्यंत पोहोचावे. वाटेत दुसरी राष्ट्रे भेटतात, त्यांचे राजे संगणक चालवितो. या जातीच्या खेळांचे वर्णन करताना अॅलन एमरिच या समीक्षकाने 1993 साली चार क्रियापदे एकत्र गुंफली होती, ती आजही प्रचारात आहेत. मराठीत सांगावयाचे तर शोधा, पसरा, उपसा, संहार करा. चौथ्या क्रियापदाने आम्ही दचकलो होतो हे खरे. परंतु वस्तुतः धोका दुसऱ्यातच असतो. पसरण्याची चटक लागली की उरलेली तीन आपोआप मागे येतात.

याच कारणाने आम्ही ठरविले की आपले राज्य लहान ठेवावयाचे. चार नगरे, पाचवे नाही. शेजाऱ्याच्या भूमीवर पाऊल नाही.

हे व्रत दिसते तितके कठीण नाही, आणि तेथेच या लेखाचा पहिला खडा आहे. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत लहान राज्याला सवलतीच सवलती आहेत. प्रत्येक नवे नगर प्रजेच्या समाधानातून तीन अंक कमी करते आणि प्रत्येक नागरिक एक. समाधान शून्याखाली गेले की प्रजेची वाढ खुंटते. नगरे वाढली की नव्या सामाजिक धोरणांची किंमत वाढते; 2013 च्या पुरवणीनंतर तर मध्यम आकाराच्या नकाशावर दर नगरामागे विद्येची किंमतही शेकडा 5 ने चढते. उलट 'परंपरा' नावाचे एक धोरण आहे. ते पत्करणाऱ्यास पहिल्या चार नगरांत संस्कृतीच्या वास्तू आणि पुढे पाण्याचे कालवे फुकट मिळतात. म्हणून या खेळातील पटाईत मंडळीसुद्धा बहुधा चार नगरांवर थांबतात. ते संयमाने थांबत नाहीत, हिशेबाने थांबतात. आम्ही मात्र हिशेबाचे फळ खात होतो आणि त्याला संयम म्हणत होतो.

आम्ही राष्ट्र निवडले तेही भारत. खेळात भारताचे नेते महात्मा गांधी आहेत आणि भारताला दिलेला विशेष गुणही मोठा मार्मिक आहे: नगरांच्या संख्येमुळे होणारे असमाधान दुप्पट, नागरिकांच्या संख्येमुळे होणारे निम्मे. म्हणजे थोडी नगरे, पण माणसांनी गजबजलेली. (या खेळातील गांधीजींविषयी एक विनोद जगभर फिरतो. पहिल्या आवृत्तीतील एका गणिती चुकीमुळे शांतताप्रिय गांधी अकस्मात अणुबॉम्ब टाकू लागत, अशी ती दंतकथा. स्वतः मायर यांनी 2020 सालच्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात तिचे खंडन केले आहे. पाचव्या आवृत्तीत मात्र रचनाकारांनी गंमत म्हणून खरोखरीच गांधींच्या ठायी अण्वस्त्रांचा विलक्षण हव्यास घातला. शांतपणे बसलेल्या माणसाच्या पोटात काय दडले आहे याची जगाला शंका येते, ती अशी.) राजधानी दिल्ली राहू दिली, उरलेल्या तिन्ही नगरांची नावे भाच्याने बदलली. एकाचे निर्मळ झाले, एकाचे आगाशी, एकाचे पापडी. समुद्रकाठच्या आगाशीत नाविकांची वर्दळ वाढली आणि पापडीत विद्यापीठ उभे राहिले, तेव्हा घरातील सर्वजण कौतुकाने पडद्याभोवती जमले होते हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

या काळात आमच्या मनाची जी अवस्था होती तिला समाधान म्हणावे की आत्मसंतोष, हे ठरविणे कठीण आहे. शेजारी राजे एकमेकांची नगरे जिंकीत होते. जिंकलेल्या नगराचे काय करावे असे खेळ विचारतो आणि तीन पर्याय देतो: राज्यात विलीन करावे, बाहुले करून ठेवावे किंवा जाळावे. जाळावयाचे ठरविले तर नगर एकदम नाहीसे होत नाही. दर फेरीला एकेक अंकाने त्याची वस्ती घटत जाते. ते दुरून पाहताना राजांच्या पहिल्या ग्रंथातील अहाब आम्हास आठवे. नाबोथाचा द्राक्षमळा आपल्या राजवाड्याला लागून आहे, तो भाजीपाल्याच्या वाफ्यांसाठी हवा, एवढ्यासाठी अहाब रुसून अंथरुणावर पडला. आणि पुढे ईजबेल राणीने नाबोथावर खोटे साक्षीदार उभे केले, त्याला दगडांनी मारविले आणि मळा राजाच्या हाती आला. आम्ही अहाब नव्हतो. आम्हास कोणाचाच मळा नको होता. असे म्हणून आम्ही फेरी संपवीत असू.

आता व्हेनिसची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण लहान राज्य म्हणजे निष्पाप राज्य या आमच्या समजुतीला पहिला तडा तेथे गेला. याच खेळात व्हेनिस हेही एक राष्ट्र आहे आणि त्याला नवे नगर वसविण्याची मुभाच नाही. एक नगर, एवढेच त्याचे राज्य. पण त्याला व्यापाराचे मार्ग दुप्पट मिळतात आणि त्याचा थोर व्यापारी एखाद्या स्वतंत्र नगरराज्यात जाऊन ते सरळ विकत घेऊ शकतो. तलवार म्यानातच राहते, रक्ताचा थेंब सांडत नाही. पण त्या नगराचा कारभार त्याच्या हाती उरत नाही. व्हेनिसचा नेता म्हणून खेळाने एन्रिको दान्दोलो यास निवडले आहे. हा इतिहासातील खरा पुरुष, व्हेनिसचा प्रमुख. पवित्र भूमीकडे निघालेल्या चौथ्या धर्मयुद्धातील सैनिकांना जहाजांचे पैसे फेडता येईनात, तेव्हा त्या कर्जाच्या बळावर व्हेनिसने 1202 साली त्यांना आधी झारा या ख्रिस्ती नगरावर घातले. दुसऱ्या वर्षी ते कॉन्स्टँटिनोपलच्या तटापाशी येऊन ठेपले आणि 1204 साली ते नगर लुटले गेले. पूर्वेकडील आपल्या बंधूंच्या मनातील ती जखम अद्यापि पुरती भरलेली नाही. 2001 साली पोप दुसरे जॉन पॉल अथेन्सला गेले असता त्यांनी या लुटीविषयी खेद व्यक्त केला, आणि 2004 साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्माध्यक्षांना संत ग्रेगरी नाझियान्झेन व संत जॉन क्रिझोस्टोम यांचे पवित्र अवशेष परत केले. एका नगराच्या लहानशा प्रजासत्ताकाने आठशे वर्षे पुरेल असे दुःख निर्माण केले होते. राज्याच्या आकारावरून त्याचा निष्पापपणा मोजता येत नाही, हे आम्ही तेव्हाच ओळखावयास हवे होते.

परंतु व्हेनिसही वाईट कर्म करून वाईट ठरला. आमची गोष्ट निराळी होती. आम्ही काहीच केले नाही.

आमच्या किनाऱ्यापलीकडे रागूसा नावाचे नगरराज्य होते. खरे रागूसा म्हणजे आड्रियाटिक समुद्रावरील आजचे दुब्रोव्हनिक. संत ब्लेझ यांना पालक मानणारे हे कॅथोलिक प्रजासत्ताक काही काळ व्हेनिसच्या अमलाखाली होते, पुढे तुर्की सुलतानास खंडणी देऊन त्याने आपले स्वातंत्र्य राखले, 1416 साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, 1667 च्या भूकंपात ते उद्ध्वस्त झाले आणि 1808 साली नेपोलियनने त्याचा शेवट केला. खेळातील रागूसा त्या मानाने साधे आहे. एक तटबंदी, दोनचार जहाजे. ज्याच्याशी त्याची मैत्री असेल त्याला ते धान्य पाठविते. आम्ही त्याला काही सुवर्ण भेट दिले होते, म्हणून ते आमचे मित्र झाले होते. निर्मळ आणि आगाशी जी भरभराटली त्यात रागूसाच्या धान्याचा वाटा होता. नगरराज्यांना रक्षणाचे वचन देण्याची सोय खेळात आहे. वचन देण्यास काही खर्च येत नाही, एक कळ दाबली की झाले. आम्ही ती दाबली होती.

आणि ग्रीकांचा राजा अलेक्झांडर याने रागूसावर स्वारी केली.

रागूसाने आमच्याकडे सैन्य मागितले. आम्ही पडद्यासमोर बराच वेळ बसून राहिलो. हा खेळ फेऱ्यांचा असल्यामुळे विचाराला अवधी होता, म्हणजे घाईत चूक झाली असे म्हणण्याची सोयही नव्हती. आम्ही संस्कृतीच्या बळावर जिंकण्याच्या बेतात होतो. आपल्या कलाकृती, आपली तीर्थे, आपली कीर्ती यांचा प्रभाव प्रत्येक परक्या राष्ट्रावर पुरेसा पडला की हा विजय मिळतो. हा प्रभाव वाढतो तो सीमा खुल्या असतील आणि व्यापार चालू असेल तर. अलेक्झांडरशी आमच्या सीमा खुल्या होत्या. त्याच्याशी व्यापार होता. युद्ध पुकारले असते तर दोन्ही गेले असते, विजय लांबला असता, कदाचित हुकला असता. सैन्य म्हणावे तर चार धनुर्धारी आणि एक जुनाट नौका. अलेक्झांडरला कळवावे की याचे उत्तर द्यावे लागेल, की काणाडोळा करावा? आम्ही काणाडोळा केला. काही फेऱ्यांनी रागूसाच्या सीमेचा रंग बदलून ग्रीकांचा झाला. आगाशीच्या कोठारात येणारे धान्य थांबले, ही एवढीच झळ आम्हास लागली.

भाचा शेजारी होता. तो म्हणाला, "मामा, वचन दिलं होतं ना तुम्ही?" आम्ही म्हणालो, "अरे, आपलं राज्य केवढंसं! आपण काय करणार?"

हे वाक्य तोंडातून गेले आणि ते आम्ही पूर्वीही कोठेतरी उच्चारले आहे असे वाटून गेले. त्याकडे पुढे येऊ.

येथे कोणी म्हणेल की हा सारा व्यर्थ खल आहे. रागूसात कोणी राहत नव्हते. पडद्यावरील चित्राला दुःख होत नाही. खेळातील काणाडोळा हे पाप नव्हे. आम्ही हे मान्य करतो. पापनिवेदनाच्या वेळी फादरांपुढे रागूसाचे नाव घेण्याचा आमचा विचार नाही. परंतु खेळात परिणाम खोटे असले तरी निवड खरी असते. निवड करणारा मनुष्य तोच असतो, त्याची कारणे तीच असतात. घरी ताशांचा डाव रंगला असता कोण पाने लपवितो आणि कोण हरल्यावर हसतो, यावरून आपण माणसे ओळखतोच ना? त्या रात्री आम्ही स्वतःस ओळखले, आणि ओळख फारशी सुखाची नव्हती.

लहान राज्यांविषयी संत ऑगस्टीन यांनी जे लिहून ठेवले आहे ते आम्ही पूर्वी अर्धवट वाचले होते, किंबहुना सोयीचे तेवढे वाचले होते. 410 साली रोम लुटले गेले, आणि त्यानंतर 413 पासून 426 पर्यंत त्यांनी 'ईश्वराचे नगर' हा ग्रंथ रचला. त्याच्या चौथ्या भागात अलेक्झांडर आणि पकडून आणलेला समुद्री चाचा यांची प्रसिद्ध आख्यायिका आहे: एका गलबतावर लुटतो म्हणून मी चोर आणि तू आरमार घेऊन लुटतोस म्हणून सम्राट, अशा अर्थाचे उत्तर चाच्याने दिले. ही गोष्ट आम्हास फार आवडत असे, कारण तिच्यात दोष अलेक्झांडरचा आहे. पण त्याच भागात पुढे ऑगस्टीन एक सूक्ष्म प्रश्न विचारतात: आपले राज्य विस्तारावे अशी इच्छा सज्जनाने धरावी काय? त्यांचे उत्तर असे की शेजारी न्यायी असते तर सज्जनांवर युद्धाचा प्रसंगच आला नसता. मग जगातील सर्व राज्ये लहान राहिली असती, परस्परांच्या शेजारधर्मात सुखी असती, आणि एखाद्या नगरात जशी अनेक घरे असतात तशी जगात पुष्कळ राज्ये नांदली असती.

किती सुंदर कल्पना! आणि ती वाचून आम्ही पुस्तक मिटले होते, जणू काय चार नगरांवर थांबलो म्हणजे आम्ही त्या जगाचे नागरिक झालो. परंतु ऑगस्टीन यांच्या वाक्यात भार 'लहान' या शब्दावर नाही. तो शेजारधर्मावर आहे. तेथील राज्ये लहान राहतात ती न्यायाचे फळ म्हणून. न्याय नसलेल्या जगात कोणी स्वतःपुरते लहान राहिले, तर त्याने फक्त दुसऱ्याच्या अन्यायासाठी मैदान मोकळे सोडले असेही होऊ शकते. घरे पुष्कळ असली म्हणजे नगर होत नाही. एका घराला आग लागली असता दुसऱ्याने दार लावून घेतले तर ती नुसती घरे.

प्रभू येशूच्या दृष्टान्तांकडे या अंगाने पाहिले की मन चरकते. लूकलिखित शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्याने लाजरसाला मारले नव्हते, हाकलले नव्हते, त्याचे काही हिरावून घेतले नव्हते. लाजरस त्याच्या दाराशी पडून होता, एवढेच. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या रस्त्यावर याजक आणि लेवी यांनी कोणाला लुटले नव्हते. लुटारू निराळे होते. ते दोघे नुसते दुसऱ्या बाजूने गेले. मत्तयलिखित शुभवर्तमानातील अंतिम न्यायाच्या प्रसंगी डाव्या बाजूस उभे केलेल्यांवर चोरीचा, खुनाचा, व्यभिचाराचा आरोप नाही. त्यांनी जेवू घातले नाही, पाणी दिले नाही, भेटावयास गेले नाहीत. अहाबापासून आम्ही दूर होतो म्हणून आम्ही निश्चिंत होतो. याजकाच्या किती जवळ आहोत हे पाहिलेच नव्हते. मिस्साच्या आरंभी आपण सर्वजण मिळून जी पापांची कबुली देतो तीत केलेल्या गोष्टींबरोबर न केलेल्यांचाही उच्चार असतो. दर रविवारी तो शब्द आमच्या ओठांवरून जातो. किती वेळा तो ओठांच्या आत गेला, याचा हिशेब आमच्यापाशी नाही.

आता ते वाक्य. काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीत एका वृद्ध शेजारणीच्या घरी जाणारी पायवाट बंद झाली. मधला तुकडा कोणी बाहेरच्याने विकत घेतला आणि कुंपण घातले. ती वाट आमच्या आजोबांच्या काळापासून वहिवाटीची होती, हे आम्हास ठाऊक होते. लहानपणी आम्हीच तिच्यावरून शाळेत गेलो होतो. मावशी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तू एवढं येऊन सांग, वाट होती म्हणून." साक्ष द्यावयाची, एक सही करावयाची, एवढेच काम. आमच्या वाडीला त्या कुंपणाचा काहीच उपद्रव नव्हता. नवा मालक भेटला की नमस्कार करीत असे, आमच्या विहिरीच्या कामात त्याने मजूरही मिळवून दिले होते. आम्ही म्हणालो, "मावशी, आम्ही लहान माणसं, आमचं कोण ऐकणार?" त्या काही बोलल्या नाहीत. चहा घेतला आणि गेल्या. पुढे दोन पावसाळे त्या चिखलातून वळसा घालून मिस्साला येत. मग त्यांनी घर विकले आणि लेकीकडे राहावयास गेल्या. घर कोणी घेतले हे वाचकांनी ओळखलेच असेल.

आमचे कोणी ऐकले असते की नाही, हे आम्हास आजही माहीत नाही. लहान माणसाच्या बोलण्याने वाट उघडतेच असे नाही. परंतु लहानपण ही अडचण म्हणून सांगणे निराळे आणि आडोसा म्हणून वापरणे निराळे. आम्ही ते आडोसा म्हणून वापरले, आणि त्या आडोशात बसून स्वतःला अल्पसंतुष्ट म्हणवून घेतले. अल्पसंतोष हा आपल्या समाजात फार मोठा गुण मानला जातो आणि तो आहेही. जमिनीच्या हव्यासाने सख्खे भाऊ वैरी झालेले आपण सर्वांनी पाहिले आहे. पण ज्याला अधिक नको आहे त्याला काही गमवावयाचेही नसते असे थोडेच आहे? उलट आपल्या चार नगरांची, आपल्या एका वाडीची, आपल्या शांत संध्याकाळची आसक्ती सम्राटाच्या हव्यासाइतकीच चिवट असू शकते. ती लहान असते म्हणून दिसत नाही.

लहान राज्य दुसऱ्या प्रकारेही चालविता येते. त्याचे उदाहरण शोधावयास आम्हास फार दूर जावे लागले नाही, कारण ते याच खेळाच्या नकाशावर नगरराज्यांच्या यादीत होते: व्हॅटिकन सिटी. एके काळी पोपमहाशयांच्या सत्तेखाली मध्य इटलीचा मोठा प्रदेश होता. 20 सप्टेंबर 1870 रोजी रोम त्यांच्या हातून गेले आणि 1929 च्या लॅटरन कराराने अवघ्या 44 हेक्टरांचे राज्य उरले. हे लहानपण त्यांनी निवडलेले नव्हते, ते पदरी आले होते. आरंभी त्याचे दुःखही मोठे होते. पण पोप सहावे पॉल 4 ऑक्टोबर 1965 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सभेपुढे उभे राहिले, तेव्हा आपली ऐहिक सत्ता नावापुरतीच, अगदी चिमुकली आहे हे त्यांनी उघडपणे सांगितले, आणि त्याच तोंडाने जगाला युद्ध थांबविण्याची कळकळीची विनंती केली. पुढे 1978 च्या डिसेंबरात दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळील तीन बेटांवरून अर्जेंटिना आणि चिली ही दोन कॅथोलिक राष्ट्रे युद्धाच्या उंबरठ्यावर आली. सैन्ये सीमेवर होती. तेव्हा पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्डिनल आंतोनिओ सामोरे यांना धाडले. हे वृद्ध कार्डिनल दोन्ही राजधान्यांत येरझारा घालीत राहिले. नंतर वर्षानुवर्षे वाटाघाटी चालल्या. कार्डिनल 1983 साली निवर्तले, करार 29 नोव्हेंबर 1984 रोजी व्हॅटिकनमध्ये झाला. लढाई झाली नाही. 44 हेक्टरांच्या राज्याकडे त्या वेळी चार धनुर्धारीही नव्हते, असे म्हणावयास हरकत नाही. स्विस पहारेकऱ्यांचे भाले काय ते. ख्रिस्तसभा जेथे बोलावयास हवी तेथे गप्प राहिली, असेही प्रसंग इतिहासात आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण येथे ती "आपले राज्य केवढेसे" असे म्हणून बसली नाही.

आमचा खेळ त्यानंतर सुमारे चाळीस फेऱ्यांनी संपला. आम्ही जिंकलो. सर्व राष्ट्रांवर आमच्या संस्कृतीचा प्रभाव पडला असे खेळाने जाहीर केले, एक गंभीर वाक्य ऐकविले आणि पडद्यावर एक सुंदर चित्र झळकले. नंतर नकाशाकडे नजर टाकली तेव्हा निर्मळ, आगाशी आणि पापडी आपापल्या जागी सुखरूप होती. समुद्रापलीकडे रागूसाचे नाव तेच होते, सीमा ग्रीकांच्या रंगाची.

जिंकल्यावरही खेळणाऱ्याला खेळ चालू ठेवता येतो. 'आणखी एकच फेरी' अशा अर्थाची एक कळ त्यासाठी ठेवली आहे, आणि जगभरातील कितीतरी माणसांच्या झोपेचे तिने खोबरे केले आहे. विजयानंतरच्या फेऱ्यांना गुण नसतात. त्यांतून काही मिळत नाही.

"मामा, बंद करू?" भाच्याने विचारले. बाहेर अंधार पडला होता. घरात रोझरीची वेळ होत आली होती. आम्ही त्याला थोडे थांब म्हणालो, आणि चार धनुर्धाऱ्यांना आगाशीच्या बंदरातून रागूसाच्या तटापर्यंत नेण्यास किती फेऱ्या लागतील ते बोटांवर मोजू लागलो.